कुत्र्याची जात कोणती? : लातूर-नांदेडच्या रस्त्यांवरून एक फेरफटका

ज्यांना कानात हेडफोन घालून पाऊण तास बसणं जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

आजचा विषय कुत्रा. आणि त्यातही एक प्रश्न, जो गेले दोन महिने मला लातूरमध्ये दिवसातून किमान चार वेळा विचारला जातो. "काय भाऊ, कुठल्या जातीचं हाय?"

आमच्याकडे मामांच्या शेतावरून आलेली एक करवान कुत्री आहे. नाव हरणी. उंच, पोट आत गेलेलं, बरगड्या मोजता येतील अशी, तोंड लांब. शिवरात्र झाली की थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते असं आपल्याकडची म्हातारी माणसं सांगतात. यंदा सिद्धेश्वराची जत्रा उठली, फाल्गुन लागला, पळस फुलला, तरी पहाटेची थंडी काही हटेना. एक दिवस गारांचा पाऊस होऊन गेला आणि मग तर आणखीच गारठा. मी वर्क फ्रॉम होमवाला माणूस, लॉगिन साडेनऊचं, त्यामुळे सकाळी सहाला हिला घेऊन बाहेर पडणं हे माझ्याकडे. ती कुडकुडते. म्हणजे खरंच कुडकुडते, कारण या जातीच्या अंगावर चरबी नसते आणि केस अगदी आखूड. म्हणून आईच्या जुन्या स्वेटरचा बाहेरचा कोट करून घातला. झालं, त्यानंतर तर अख्ख्या औसा रोडला हा प्रश्न पडायला लागला.

"कुठल्या जातीचं?"

इंग्रजीत या प्रश्नाला वेगळा शब्द आहे. ब्रीड वेगळं, कास्ट वेगळी. मराठीत दोन्हीला एकच शब्द, जात. मी हसत 'करवान' असं उत्तर देत राहिलो आणि मग रात्री बसून वाचायला लागलो की हे करवान नेमकं आलं कुठून. त्यातून जे सापडलं ते कुत्र्यापेक्षा माणसांबद्दलच जास्त होतं.

आधी करवान. हा शब्द कारवाँ म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्यावरून आला असं मानतात. अफगाणिस्तान, मध्य आशियाकडून घोडे आणि इतर माल घेऊन दख्खनेत येणाऱ्या तांड्यांबरोबर ही लांबट, वेगवान कुत्री आली, अशी गोष्ट सांगितली जाते. अंगकाठी बघितली तर ती पटते. अरबस्तान-इराणकडचा सलुकी, अफगाण हाउंड आणि आपला करवान शेजारी उभे करा, चुलत भाऊ वाटतील. ही सगळी नाकाने नाही, डोळ्यांनी शिकार करणारी कुत्री. लांब माळरानावर ससा किंवा काळवीट दिसलं की सुटायचं. मराठवाड्याचा, सोलापूरचा, उत्तर कर्नाटकाचा उघडा माळ म्हणजे यांचं मैदान. घनदाट जंगलात हे कुत्रं काही कामाचं नाही, झाडाला आपटून मरेल. लांब केसांचा प्रकार असतो त्याला पश्मी म्हणतात.

लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव करवानच्या पैदाशीसाठी ओळखलं जातं. पण तुम्ही मोबाईलवर शोधलंत तर पहिल्यांदा येईल 'मुधोळ हाउंड'. मुधोळ म्हणजे आताच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं जुनं घोरपड्यांचं संस्थान. तिथल्या राजे मालोजीराव घोरपड्यांनी ही कुत्री पाळली, वाढवली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली. मग तेच नाव चिकटलं. ९ जानेवारी २००५ ला भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. पुढे लष्कराने मेरठला आपल्या केंद्रात या कुत्र्यांना प्रशिक्षण देऊन पाहिलं. ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी नाव घेतलं ते मुधोळचं. सरकारी नोंदणीत, म्हणजे कर्नालच्या पशु आनुवंशिक संशोधन संस्थेच्या यादीत, 'मुधोळ हाउंड' कर्नाटकाच्या नावावर आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर मात्र 'कॅरॅव्हॅन हाउंड' असं नाव आहे.

यात कुणाची चूक आहे असं मी म्हणत नाही. पण बघा ना, ज्याच्या गावाला राजा होता त्याच्या कुत्र्याला गावाचं नाव मिळालं. लातूर-नांदेड निजामाच्या राज्यात, राजधानी हैदराबादला. जानवळच्या शेतकऱ्याने कुत्री जपली, पण ती भेट म्हणून लंडनला कोण नेणार? आणि 'शुद्ध जात' ही कल्पनासुद्धा फार जुनी नाही हे लक्षात घ्या. इंग्लंडमधलं पहिलं आधुनिक श्वानप्रदर्शन न्यूकॅसलला १८५९ मध्ये भरलं, लंडनचा केनेल क्लब १८७३ चा. त्याआधी कुत्रं कशासाठी आहे ते महत्त्वाचं होतं, शिकारीचं की राखणीचं. बापाचा बाप कोण, त्याची नोंदवही कुठे आहे, हे प्रश्न नंतरचे.

आता थोडं मागे जाऊ. बरंच मागे.

नांदेडवरून वाहणारी गोदावरी वर नगरकडे गेलात तर तिला प्रवरा मिळते. त्या प्रवरेकाठी दायमाबाद म्हणून ठिकाण आहे. १९७४ मध्ये तिथे झाडाचं खोड खणताना एका शेतकऱ्याला कांस्याच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, म्हैस आणि एक रथ. रथाला दोन बैल, हाकणारा माणूस उभा, आणि दोघांच्या मध्ये, दांडीवर, एक कुत्रा उभा आहे. याचा काळ कोणता यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे, बरेच जण सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. तो कुत्रा तिथे का आहे हे कुणी सांगू शकत नाही. पण ज्याने साचा केला त्याला गाडी, बैल आणि माणूस एवढ्याने चित्र पूर्ण झालं असं वाटलं नाही, हे तर दिसतंच. आजही बार्शी रोडला बैलगाडीच्या सावलीत, दोन चाकांच्या मधोमध चालणारं कुत्रं दिसतं. फक्त ते दांडीवर नसतं, खाली असतं.

दुसरी गोष्ट माझ्या सगळ्यात आवडीची आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

राष्ट्रकूट राजे तुम्हाला वेरुळच्या कैलास लेण्यामुळे माहीत असतील. हे राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे, लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. हे लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं बहुतेक इतिहासकार मानतात. तर या घराण्यातला तिसरा कृष्ण हा दहाव्या शतकातला बलाढ्य राजा. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला त्याच्या काळातला शिलालेख सापडला आहे. ९४९ मध्ये त्याने तमिळ देशात तक्कोलम इथे चोळांचा पराभव केला. चोळ युवराज राजादित्य हत्तीवर बसलेला असताना मारला गेला. मारणारा होता गंग घराण्यातला बुतुग, कृष्णाचा मेहुणा.

या लढाईत बुतुगाचा एक सरदार फार पराक्रम गाजवतो. नाव मणलेर. बुतुग खूश होऊन म्हणतो, माग काय हवं ते. आता तुम्ही-आम्ही असतो तर गाव मागितलं असतं, सोनं मागितलं असतं. मणलेराने काय मागावं? बुतुगाची शिकारी कुत्री. काळी नावाची. आणि बुतुगाने ती दिली.

पुढे एका मोठ्या रानडुकरावर काळीला सोडलं. दोघंही झुंजले आणि दोघंही मेले. तर तिच्यासाठी दगड उभारला गेला. कर्नाटकात मद्दूरजवळ आतकूर गावी, देवळासमोर. त्या दगडावर कुत्रा आणि डुक्कर झुंजताना कोरलेत, वर लेख कोरलाय, आणि त्या दगडाची पूजा करण्यासाठी जमीन लावून दिली आहे. पुजाऱ्याने पूजा न करता जेवण केलं तर त्याला पाप लागेल, असा इशाराही आहे! आज तो दगड बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. तक्कोलमच्या लढाईचा एक महत्त्वाचा पुरावा म्हणून इतिहासकार याच लेखाकडे जातात. म्हणजे लातूरचं नाव बिरुदात मिरवणाऱ्या सम्राटाच्या सगळ्यात मोठ्या विजयाची नोंद एका कुत्रीच्या वीरगळावर आहे. आपल्याकडे गावोगाव वीरगळ पडलेत, मारुतीच्या देवळामागे, पारावर, कुणी कपडे धुवायला वापरलेले. पुढच्या वेळी थांबून बघा, कुठल्या कोपऱ्यात चार पायांचं काही कोरलंय का.

मी हे वाचल्यावर हरणीकडे जरा आदराने बघायला लागलो. ती मात्र त्यावेळी माझा सॉक्स खात होती.

बरं, राजे झाले, आता देव. नांदेड जिल्हा याबाबतीत श्रीमंत आहे. लोहा तालुक्यातलं माळेगाव, तिथली खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. ऐन थंडीत. घोडे, गाढवं, उंट, आणि कुत्री. नांदेड जिल्हा परिषद तिथे अश्व, श्वान, कुक्कुट अशी प्रदर्शनं भरवते, बक्षिसं देते. खंडोबा घोड्यावर आणि सोबत कुत्रा, हे चित्र आपल्या देवघरातल्या टाकांवरसुद्धा असतं. त्याचे भक्त वाघ्या. नाव वाघाचं, पण विधीत ते देवाचे कुत्रे होतात. काही ठिकाणी वाघ्ये भुंकतात, कोटंब्यात वाढलेलं थेट तोंडाने खातात. एरवी 'कुत्र्या' ही शिवी, तिथे ती पदवी.

उत्तरेला माहूर. रेणुकेचं माहूर, आणि दत्त शिखराचं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि ते चार वेद आहेत असं कीर्तनकार सांगतात. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेवांचं गाव मानतात. कुत्र्याने पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही गोष्ट आपल्याला पहिलीपासून माहीत आहे. महाभारत तर जवळजवळ कुत्र्यापासूनच सुरू होतं. जनमेजयाच्या यज्ञात त्याचे भाऊ एका पिल्लाला विनाकारण मारतात आणि त्याची आई सरमा जाब विचारायला येते. शेवट माहीतच आहे, युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तयार नसतो.

एवढं सगळं असताना मग आपण कुत्र्याला दारात का उभं करत नाही?

इथे मला थांबावं लागतं, कारण पुढचं पान तितकं गोड नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांबद्दल नियम आहेत. त्यांनी गावाबाहेर राहावं, आणि त्यांची संपत्ती काय, तर कुत्री आणि गाढवं. 'श्वपच' हा शब्द ऐकलाय? कुत्रं शिजवणारा. माणसांच्या एका गटाला दिलेलं हे नाव. म्हणजे कुत्र्याचा कमीपणा माणसाला चिकटवला आणि त्या माणसाचा कमीपणा परत कुत्र्याला. इंग्रज आले त्यांनी हेच इंग्रजीत केलं. आपल्या गावठी कुत्र्याला ते 'परायाह डॉग' म्हणाले. परायाह हा शब्द तमिळनाडूतल्या परैयर या जातीच्या नावावरून आलेला. परै म्हणजे ढोल, तो वाजवणारे. एका जिवंत समाजाचं नाव बेवारस कुत्र्याला दिलं आणि ते डिक्शनरीत जाऊन बसलं. आजही कुत्र्यांवर प्रेम करणारे लोक सोशल मीडियावर सहज 'परायाह' लिहितात, त्यांना हे माहीतही नसतं.

१४ ऑगस्ट १९३१ ला मुंबईत मणिभवनात बाबासाहेब आंबेडकर गांधीजींना पहिल्यांदा भेटले. मला मायभूमी नाही, असं त्यांनी सांगितलं. जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षा वाईट वागवलं जातं, पाणी मिळत नाही, तिला मायभूमी कशी म्हणू, असा तो सवाल होता. चवदार तळ्याच्या बाबतीतही मुद्दा तोच होता. जनावराने पाणी प्यायलं तर तळं बाटत नव्हतं. ही तुलना अलंकार म्हणून केलेली नाही. गावात कुत्रं कुठल्याही गल्लीतून जाऊ शकत होतं, माणूस जाऊ शकत नव्हता.

आता हे ऐका. पुण्याहून परत लातूरला आलो तेव्हा सहा महिने आम्ही भाड्याचं घर शोधत होतो. आमचं जुनं घर पाडून बांधायचं होतं. एका घरमालकांनी फोनवर आधी कुत्र्याची चौकशी केली. जात कोणती? करवान, असं सांगितल्यावर म्हणाले, अरे वा, चांगल्या जातीचं आहे, चालेल. मग पुढचा प्रश्न. तुमचं आडनाव? मी सांगितलं. त्यांना त्यावरून कळेना, म्हणून त्यांनी सरळच विचारलं. मी उत्तर दिलं, आणि ते म्हणाले, दोन दिवसांत कळवतो. फोन आला नाही. कुत्री पास झाली होती, आम्ही नाही. आईला मी घर आवडलं नाही एवढंच सांगितलं. तिला कळलं असणारच, ती काही बोलली नाही.

लातूर हे शिकायला येणाऱ्या पोरांचं शहर आहे. दरवर्षी खेड्यापाड्यांतून हजारो मुलं-मुली नीट, जेईईसाठी येतात, खोल्या शोधतात. तुमच्यापैकी कित्येकांनी हा फोन केला असेल.

असो. नांदेडकडे जाऊ.

मावशी नांदेडला राहते, तिच्याकडे गेलो की हरणीला घेऊन गोदावरीच्या बाजूला फिरतो. पहाटे नदीवर धुकं असतं, गुरुद्वाऱ्यातून कीर्तनाचा आवाज येतो. नांदेडजवळ शिकार घाट नावाचा गुरुद्वारा आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला आले आणि त्याच वर्षी इथेच त्यांचं निर्वाण झालं. परंपरा अशी सांगते की या जागी त्यांनी एका सशाची शिकार केली. तो ससा म्हणजे सियालकोटच्या मूला खत्रीचा आत्मा होता, आणि त्या शिकारीने त्याला मुक्ती मिळाली. माझ्या दृष्टीने यातली गंमत वेगळी आहे. तीनशे वर्षांपूर्वी या गोदाकाठच्या माळावर ससे होते, शिकारी होते, हातावर बाज घेतलेले स्वार होते. हजूर साहिबला गुरूंच्या घोड्यांच्या वंशातले मानले जाणारे घोडे आजही जपलेत. होळीच्या दुसऱ्या दिवशी हल्लाबोल निघतो तेव्हा ते बघायला मिळतात. घोड्याचं काम संपलं तरी त्याला एक मान उरला.

करवानचं काम मात्र पार संपलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेल्या पळवाटा बंद केल्या. सशाची शिकार हा आता गुन्हा आहे. बरोबरच आहे, माळ राहिलेत कुठे? जिथे गवत होतं तिथे सोयाबीन आहे. पण हजार वर्षं फक्त पळण्यासाठी घडवलेलं शरीर दोन खोल्यांच्या घरात बसून काय करणार? हरणीला मोकळं पळायला मिळालं नाही तर ती उशी फाडते. म्हणून मग मी थंडी असो, गारा असो, साखळी घेऊन बाहेर.

आणि ही साखळीसुद्धा नवीनच. माझ्या आजोबांनी आयुष्यात कधी कुत्र्याला 'फिरायला' नेलं नाही. कुत्रं शेतावर असायचं, ते त्याच्या मर्जीने यायचं. कुत्र्याला दोरीला बांधून, काही काम नसताना, ठरावीक वेळी चालवून आणायचं, ही साहेबांच्या छावणीतून आलेली रीत. एका म्हाताऱ्या काकांनी परवा गंजगोलाईत मला थांबवून विचारलं, "काय बाबा, कुठं चाललालास एवढ्या गारठ्यात?" म्हटलं, हिला फिरवायला. ते एवढे हसले! "तिला चार पाय हायत की, तीच फिरंल."

गंजगोलाई बघितली नसेल त्यांच्यासाठी: मध्ये जगदंबेचं देऊळ, भोवती गोल बाजार, आणि सोळा रस्ते त्याला येऊन मिळतात. १९१७ ची रचना, फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराची. पहाटे दुकानं बंद असतात तेव्हा या सोळा रस्त्यांवर राज्य कुत्र्यांचं असतं. प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली. कापडलाइनीतली टोळी सराफ्यात जात नाही. मी हरणीला घेऊन एका हद्दीतून दुसरीत शिरलो की भुंकण्याचा आवाज बदलतो, अगदी टोलनाक्यासारखं. तिचा स्वेटर बघून तर ती जास्तच चिडतात. ही गावठी कुत्री थंडीत राखेत झोपतात. चहावाल्याच्या भट्टीजवळ, विझलेल्या शेकोटीत, पोत्यांवर. त्यांना कुणी जात विचारत नाही.

त्यांच्याबद्दलचं भांडणही जुनंच आहे. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत दंगल झाली होती, कुत्र्यांवरून. इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला, कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. झालं, शिपाई घरात शिरून पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून न्यायला लागले. पारशी लोकांच्या धर्मात कुत्र्याला मोठं स्थान. ते रस्त्यावर उतरले, त्यांच्यासोबत हिंदू, जैन, मुसलमानही आले. बाजार बंद, कोर्ट बंद, किल्ल्यातल्या गोऱ्या सैनिकांचा पाव-मटणाचा पुरवठा बंद. कंपनी सरकारला सैन्य बोलवावं लागलं. मुंबईतला हा पहिल्या काही मोठ्या बंदांपैकी एक, आणि मुद्दा कुत्रा.

पण दुसरी बाजू खरी आहे आणि ती हलकी नाही. रेबीज. एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही, आजही नाही. माझी आजी कुत्र्याला घाबरायची ते 'पोटात चौदा इंजेक्शनं' या आठवणीने. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, १९११ मध्ये कसौलीला डेव्हिड सेम्पलने तयार केलेली, आणि आपल्या देशात ती २००५ च्या सुमारापर्यंत चालू होती. आता ती बंद आहे. आता दंडात चार-पाच डोस घ्यायचे असतात, आणि जखम खोल असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिन. चावलं की पहिलं काम म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुणं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. आणि त्याच दिवशी दवाखाना. हे स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाका, खरंच.

कायदा म्हणाल तर २००१ पासून नियम आहेत आणि मार्च २०२३ मध्ये ते नव्याने आले: कुत्रं पकडा, नसबंदी करा, लस द्या, जिथून आणलं तिथेच सोडा. केलेल्या कुत्र्याच्या कानाला छोटी खूण कापतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात न्या म्हटलं, अकरा दिवसांत ते बदलून नसबंदी झालेली परत सोडा म्हटलं, आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातून हटवा असा आदेश दिला. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर त्या दिवशी दोनशे मेसेज होते. एका बाजूला ज्यांच्या नातीला कुत्रं चावलंय ते आजोबा, दुसऱ्या बाजूला रोज रात्री उरलेली भाकरी टाकणाऱ्या काकू. दोघंही खरं बोलत होते. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'चांगल्या जातीची ठेवा, बाकीची उचला.' त्याला सतरा अंगठे आले.

मी त्या संध्याकाळी गल्लीत फिरून कान मोजले. आमच्या गल्लीत नऊ कुत्री, त्यातल्या दोघांच्या कानाला खूण. मग महानगरपालिकेला अर्ज दिला, सात कुत्र्यांचे फोटो, वेळ आणि कोण कुठे झोपतं ते लिहून. कोडिंगमध्ये बग रिपोर्ट लिहायची सवय आहे, तसाच लिहिला. काकू आणि ते आजोबा, दोघांचीही सही त्यावर आहे. आजोबा म्हणाले, "सही करतो, पण त्या पांढऱ्याला आधी न्यायला सांग." अर्जाला पोच मिळाली आहे, गाडी अजून आलेली नाही. आली की इथे कळवीनच.

पुढच्या भागात माळेगावच्याच बाजारातली गाढवं. तुमच्या गावात कुत्रा कोरलेला वीरगळ असेल तर फोटो आणि गावाचं नाव पाठवा. त्याला शेंदूर फासू नका, आणि धुवूही नका, अक्षरं जातात.